कॉम्बॅट मिशन: शॉक फोर्स २ – आदेश द्या आणि साठ सेकंद हात बांधून बसा

रामबागकर (इंदूर)

युद्धाचा कॉम्प्युटर गेम म्हटला की बहुतेकांना आठवतं ते धडाधड माउस दाबणं, कारखान्यातून रणगाड्यांची रांग काढणं आणि ती शत्रूच्या तळावर सोडून देणं. तसले खेळ मीही भरपूर खेळलोय, तक्रार नाही. पण ज्या खेळाबद्दल हा धागा काढतोय त्यात कारखाना नाही, पैसे नाहीत, गेलेला माणूस परत मिळत नाही. आणि एकदा आदेश दिले की पूर्ण एक मिनिट तुम्हाला काहीही करता येत नाही.

कॉम्बॅट मिशन: शॉक फोर्स २. मूळ शॉक फोर्स २००७ चा, ही नव्याने बांधलेली आवृत्ती २०१८ ची, स्टीमवर (खेळ विकणारं ऑनलाइन दुकान) आली २०२० मध्ये. कथानक काल्पनिक आहे: २००८ साली अमेरिका आणि नाटोचे देश सीरियात घुसतात. (खऱ्या सीरियात २०११ पासून जे सुरू झालं ते भलतंच, पण २००७ साली बसून लिहिणाऱ्याला ते कुठून कळणार!) तुमच्या हाताखाली साधारण एक कंपनी (शंभर-दीडशे सैनिक), फार तर बटालियन (अशा काही कंपन्या). प्रत्येक सैनिक वेगळा मोजलेला. त्याच्या कमरेला किती गोळ्या उरल्यात, तो दमलाय का, घाबरलाय का, हे सगळं खेळ धरून असतो.

पद्धत अशी. दोघे खेळाडू आपापले आदेश देतात, मग घड्याळ साठ सेकंद पुढे सरकतं आणि दोघांचेही आदेश एकाच वेळी अमलात येतात. ते मिनिट तुम्ही मागेपुढे करून, कॅमेरा कुठेही नेऊन हवं तितकं पाहू शकता, पण बदलू शकत नाही. दहाव्या सेकंदाला तुमची गाडी चुकीच्या गल्लीत शिरतेय असं दिसलं तरी पुढची पन्नास सेकंदं फक्त बघायचं.

आता खरी गोम. बाकीच्या खेळांत एका शिपायाला शत्रू दिसला की सगळ्या फौजेला दिसतो. इथे तसं नाही. माझा सध्याचा सामना सांगतो. कोरड्या ओढ्यात माझ्या एका प्लाटूनच्या (कंपनीतल्या एका तुकडीच्या) चार स्ट्रायकर, म्हणजे सैनिक नेणाऱ्या चिलखती गाड्या दबा धरून आहेत, पुढच्या उंचवट्यावर टेहळणीची तिघांची तुकडी पोटावर सरपटत गेलीय. कॅमेरा अगदी जमिनीला टेकवला, म्हणजे त्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आणला, की समोर निम्मं झुडूप आणि निम्मं गाव. चाळीस सेकंद काही नाही. मग गावाच्या डाव्या टोकाच्या दुमजली घरावर एक धूसर प्रश्नचिन्ह उमटलं. तिघांपैकी दुर्बीण असलेल्या एकालाच काहीतरी हललेलं जाणवलं होतं. मी ओढ्यातल्या गाडीवर क्लिक केलं तर प्रश्नचिन्ह गायब! त्या गाडीच्या लेखी ते घर रिकामंच. टेहळ्याची खबर आधी त्याच्या प्लाटूनच्या नायकापर्यंत जाणार, हाकेच्या अंतरावर असेल तर ओरडून, नाहीतर रेडिओवर, आणि मग नायकाकडून गाड्यांना. पुढचं अख्खं मिनिट त्यातच गेलं. दरम्यान त्या घरात जो कोणी होता तो तिथे राहिला असेलच असं नाही.

तोफखान्याचंही तेच. १२० मिलिमीटरच्या उखळी तोफा हाताशी आहेत, पण मागितल्या की लगेच मिळत नाहीत. निरीक्षकाला लक्ष्य स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं, मग मागणी वर जाते, मग अंदाज घेणारे एकेक गोळे पडतात, तो दुरुस्ती सांगतो, आणि मग खरा मारा. या मधल्या काळात निरीक्षकाची नजर तुटली की गोळे भलतीकडे पडू लागतात. यात सहज चार-पाच मिनिटं जातात. सीरियन बाजूने खेळलात तर त्याहून बरीच जास्त, त्यामुळे त्या बाजूला तोफा कुठे लागतील हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

मला या खेळाचं वास्तव इथे दिसतं. रणगाड्याच्या चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये बरोबर आहे का यावर लोक पानंच्या पानं भांडतात. भांडोत. जे माहीत नाही त्यावर निर्णय घ्यायचा आणि घेतलेला निर्णय उशिरा पोचणार हे गृहीत धरायचं, हे दोन्ही करायला लावणारा दुसरा खेळ मला तरी भेटलेला नाही.

सामना बडोद्याच्या मित्राशी ईमेलवर चालू आहे. फाइल येते, मिनिट पाहायचं, आदेश द्यायचे, फाइल परत. दिवसाला एखादं मिनिट सरकतं. इथे आणखी कोणी खेळतं का? आणि कोणी फौजेतलं असेल तर खरंखोटं सांगा.

शिप्रातीर

वाचतोय. खुर्ची टाकून बसलो आहे. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

भिया_इंदोरी

अरे भिया, दिवसाला एक मिनिट? एवढ्यात सराफ्यात जाऊन भुट्ट्याचं कीस खाऊन घरी येऊन झोप पण होते.

मी वॉर्नो खेळतो. १९८९ चा काळ, नाटो विरुद्ध वॉर्सा करार, दहा विरुद्ध दहा जण, हेलिकॉप्टर, विमानं, सगळं एकदम. त्यात पण शत्रू दिसत नाही तोवर दिसत नाही. टोही (टेहळणीचं) युनिट पुढे नाही ठेवलं तर बसा बोंबलत. मग त्याला वास्तववादी का नाही म्हणायचं?

रामबागकर (इंदूर)

@भिया_इंदोरी, वॉर्नो उत्तमच आहे, युजेन सिस्टिम्सवाल्यांचे आधीचे वॉरगेमही मी खेळलोय. पण त्यात पल्ले नकाशात बसावेत म्हणून आकसलेले असतात. पॉइंट जमले की नवी युनिटं रस्त्याने येत राहतात. आणि एकाला दिसलं की सगळ्यांना दिसलं, हे तिथे आहेच. तिथे शंभर गोष्टींकडे लक्ष पुरत नाही म्हणून माणूस हरतो. इथे लक्ष द्यायला हवा तितका वेळ आहे, तरी हरतो. दोन वेगळे त्रास आहेत, ज्याला जो झेपेल तो.

निवृत्त_सिग्नल (महू)

जय हिंद मंडळी. मी सिग्नल कोअरमधून (सैन्याचं दळणवळण दल) निवृत्त. नोकरीतली काही वर्षं इथल्या एमसीटीईतच (सैन्याचं दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय) गेली, म्हणून निवृत्तीनंतर महूलाच राहिलो. नातू हा खेळ खेळतो, त्याच्या मागे बसून मी पाहतो. रामबागकरांनी खबर पोचण्याबद्दल लिहिलंय त्याला माझं अनुमोदन, आणि थोडी भर.

रेडिओ म्हणजे फोन नव्हे. पायदळाकडचा व्हीएचएफ सेट जवळपास सरळ रेषेत चालतो. मधे टेकाडाची घडी आली की आवाज कापला जातो. म्हणून सेट घेतलेला जवान आणि त्याचा साहेब कुठे उभे आहेत याला फार किंमत असते. साहेबाला आडोसा हवा असतो आणि सेटला उघडी जागा. या दोघांची ओढाताण मी जन्मभर पाहिली. खेळात नायक आडोशाला खाली बसला की त्याच्या माणसांशी संबंध तुटल्याचं चिन्ह दिसतं. नातवाला वाटलं गेम बिघडला. मी म्हटलं, गेम बरोबर आहे, तुझा साहेब चुकीच्या जागी बसलाय.

दुसरं म्हणजे जमीन. नकाशावर सपाट दिसणारी आपली माळव्याची शेतं प्रत्यक्षात सपाट नसतात. सोयाबीन मांडीपर्यंत आलं की गुडघ्यावर बसलेला माणूस वीस पावलांवरून दिसत नाही. महूला इन्फन्ट्री स्कूल आहे, वॉर कॉलेज आहे. सैनिक न नेता फक्त अधिकाऱ्यांनी जागेवर उभं राहून ‘इथून हल्ला आला तर काय कराल’ असा सराव असतो, त्याला टेवट म्हणतात. त्याच्या आधी सॅण्ड मॉडेल, म्हणजे त्या जमिनीची छोटी प्रतिकृती: रंगीत भुकटी, लोकरीचे धागे, काड्यापेट्यांची घरं. कॅमेरा जमिनीला टेकवून बघायची सवय तुम्ही लावून घेतली आहे, ती चांगली. आमच्याकडे त्यासाठी पँट मळवावी लागायची.

खंडेरावी (बडोदा)

नमस्कार. ईमेलवरचा तो मित्र मीच.

धागा वाचून फार आनंद झाला. विशेषतः ओढा, चार गाड्या, उंचवट्यावरचे तिघे, हे सगळं सविस्तर दिल्याबद्दल आभार. एक शंका: डाव्या टोकाचं दुमजली घर म्हणजे पाण्याच्या टाकीजवळचं, की मशिदीमागचं? :)

शिप्रातीर

मेलो!! रामबागकर, लाइन तोडा आणि जागा बदला.

निवृत्त_सिग्नल (महू)

याच्यासाठीच आम्ही कोड शिकवायचो. तुम्ही तर शत्रूला शुद्ध मराठीत लेखी कळवलंत.

रामबागकर (इंदूर)

@खंडेरावी, ओढ्यात चारच गाड्या आहेत हे मी लिहिलंय म्हणून तू खरं मानणार का? तो ओढा आहे हे तरी? मान बाबा, जरूर मान. फाइल पाठवली आहे.

खंडेरावी (बडोदा)

हाच छळ आहे याचा. आता मी रात्रभर त्या ओढ्याकडे बघत बसणार.

बरं, माझ्या बाजूची थोडी गोष्ट, म्हणजे सामन्याला धक्का लागणार नाही इतपत. सीरियन बाजू घेतली की पहिले काही सामने नुसता मार खाण्यात जातात. समोरच्याकडे उष्णता टिपणाऱ्या थर्मल दुर्बिणी, जॅव्हलिन ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं, रात्री दिवसासारखं दिसणं. आपल्याकडे टी-५५, टी-६२, बरी टी-७२ असे जुने रणगाडे, आणि माणसं ज्यांचा धीर लवकर सुटतो. या बाजूने समोरासमोर उभं राहिलं की संपलं. जॅव्हलिन सोडली की सोडणारा खाली बसू शकतो, क्षेपणास्त्र आपलं आपण जातं आणि वरून छतावर पडतं, जिथे चिलखत पातळ. माझ्याकडच्या कॉर्नेट या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचं तसं नाही. पल्ला साडेपाच किलोमीटर आहे खरा, पण लेझरच्या झोतावरून जातं, म्हणून आदळेपर्यंत नेमबाजाने लक्ष्यावर काटा धरून बसायचं. दोन किलोमीटरवरून सात-आठ सेकंद. कागदावर काहीच नाही, पण खेळात ते सात सेकंद पाहा एकदा. धुळीचा लोट मागे उठलेला, समोरच्या प्रत्येक गाडीची बंदूक वळायला लागलेली, आणि तुमचा माणूस हलू शकत नाही.

म्हणून एक मारा, आणि जागा सोडा. दुसऱ्या माऱ्याचा मोह आवरला की ही बाजूसुद्धा जिंकते. जिंकते म्हणजे गुणांवर. बऱ्याच लढायांत अमेरिकन बाजूला माणसं फार गमावली की गाव घेऊनही हार पदरी येते. मला गाव राखायचं नसतं, मला रामबागकराला महाग पडायचं असतं.

सुमेधा_महू

मी या घोळक्यात एकटीच दिसतेय, असो. वडील पायदळात होते, नवरा आर्मी मेडिकल कोअरमध्ये. हा खेळ मी खेळलेय, भावाबरोबर, आणि आवडीने. पण ‘वास्तववादी’ ही पाटी लावलीत की मला बोलावंसं वाटतं.

जखमी सैनिकाचं काय होतं बघा. तो पडतो, शेजारचा साथीदार वाकून प्रथमोपचार करतो, थोड्या वेळाने जखमी नकाशावरून नाहीसा. शेवटच्या हिशेबात तो ‘जखमी’ की ‘मृत’ यात त्या उपचारामुळे फरक पडतो, तेवढी कदर खेळाने ठेवलीय, मान्य. पण उपचार झाल्यावर साथीदार त्याची बंदूक उचलून पुढे! प्रत्यक्षात एका जखमी माणसाला मागे न्यायला स्ट्रेचरला चार माणसं लागतात. नऊ जणांच्या सेक्शनमधले एक जखमी आणि चार उचलणारे गेले की उरले चार. हल्ला तिथेच थांबतो. शत्रूने एक गोळी वापरलेली असते. हे गणित खेळात नाही, आणि माझ्या मते ते चिलखताच्या जाडीपेक्षा महत्त्वाचं आहे.

आणि गावातली माणसं? नकाशा बनवताना नागरिकांची घनता निवडता येते. ती वाढवली की साध्या वेशातले बंडखोर गर्दीत मिसळून जवळ येऊ शकतात. म्हणजे नागरिक आहेत, पण फक्त शत्रूला लपायला. एकही बाई पाणी भरायला जाताना दिसत नाही, एकही पोरगं गल्लीत नाही. त्यामुळे तुम्ही सगळे त्या दुमजली घरावर उखळी तोफा लावायला मोकळे.

भांडायला आलेली नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

निवृत्त_सिग्नल (महू)

सुमेधाताईंच्या स्ट्रेचरच्या मुद्द्याला सलाम. डोंगरात चारही पुरत नाहीत, बदलीची माणसं लागतात, आणि त्यांच्या बंदुका, पाठपिशव्या कोण उचलणार? सेटवर येणाऱ्या पहिल्या खबरीत नेहमी हाच प्रश्न असायचा, किती जखमी, चालू शकणारे किती. सगळा पुढचा बेत त्यावर ठरायचा.

रामबागकर (इंदूर)

@सुमेधा_महू, स्ट्रेचरचं शंभर टक्के मान्य. नागरिकांबद्दल अर्धं. काही लढायांत एखादी इमारत ‘जपा’ अशी अट असते, ती पाडली की गुण जातात. दवाखाना, मशीद, वीजघर. तिथे तोफा वापरताना हात आखडतो. पण हो, ती अट इमारतीसाठी असते, आतल्या माणसांसाठी नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि खेळाची बाजू लढवत बसण्यात मला रसही नाही.

तरी एक म्हणेन. ज्या खेळांत माणसं जखमीच होत नाहीत, नुसती हिरव्या पट्टीतून लाल पट्टीत जातात, त्यांना कोणी हा प्रश्न विचारत नाही. याला विचारावासा वाटतो, कारण हा त्या दाराशी नेऊन थांबतो.

सुमेधा_महू

ठीक. दाराशी नेतो हे पटलं. आत नेत नाही एवढंच माझं म्हणणं होतं.

लष्करकर (ग्वाल्हेर)

लष्करकर म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, फौजी नव्हे, आधीच सांगतो. डोक्यावरून मात्र लहानपणापासून मिराज लढाऊ विमानं जातात (१९८५ पासून इथे महाराजपूरच्या तळावर आहेत), त्यामुळे माझं वेड हवेतलं. कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स. २०१९ चा खेळ. त्यात चित्रं जवळजवळ नाहीतच. पृथ्वीचा नकाशा, त्यावर नाटोच्या पद्धतीची चिन्हं आणि वर्तुळं. बायको म्हणते तू एक्सेल शीट खेळतोस.

रामबागकरांनी ‘न दिसणं’ म्हटलंय ते समुद्रावर कसं असतं ते सांगतो, कारण तिथे झुडूप नाही, टेकाड नाही, तरी दिसत नाही. पृथ्वी गोल आहे म्हणून. हिशोब सोपा: रडारची उंची आणि लक्ष्याची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. जहाजाचा रडार २५ मीटरवर, आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून १० मीटरवरून येतंय. पाच अधिक ३.१६, गुणिले ४.१२, म्हणजे साधारण ३४ किलोमीटर. त्याआधी तो रडार कितीही ताकदवान असू दे, क्षेपणास्त्र क्षितिजाखाली आहे. आता ते आवाजापेक्षा हळू उडणारं असेल तर जहाजाला जवळपास दोन मिनिटं मिळतात. ब्रह्मोससारखं असेल आणि सेकंदाला ९०० मीटर धरले, तर ४० सेकंदही नाहीत. त्यात ओळखायचं, ठरवायचं, प्रतिक्षेपणास्त्र सोडायचं. तुमचं ते हात बांधलेलं एक मिनिट इथे पुरं मिळतच नाही.

मग म्हणाल, विमान वर पाठवा, त्याचा रडार लांब बघेल. बघेल. पण रडार चालू केला की तुम्ही ज्या अंतरावर बघू शकता त्याच्याही पलीकडून शत्रूला तुमचे किरण ऐकू येतात. बघायचं तर दिसायचं, लपायचं तर आंधळं व्हायचं. निम्मा खेळ म्हणजे कोणी कधी रडार चालू करायचा याचे आदेश आधीच लिहून ठेवणं. आपली सुखोई-३० एमकेआय, मिराज, नौदलाची जहाजं, सगळी त्याच्या माहितीकोशात आहेत.

भिया_इंदोरी

वर्गमूळ काढून खेळायचा गेम. भिया तुम्ही लोक वेगळेच आहात. (हे कौतुक आहे.)

जाता जाता, एक प्रामाणिक प्रश्न. आदेश फसला की मागचा सेव्ह (साठवून ठेवलेला डाव) उघडत नाही का कोणी? मी तर उघडतो.

खंडेरावी (बडोदा)

ईमेल सामन्यात उघडता येत नाही, समोरचा माणूस आहे. कॉम्प्युटरशी खेळताना ज्याच्या त्याच्या मनावर.

शिप्रातीर

सेव्ह उघडण्याची थोर परंपरा आहे, @भिया_इंदोरी, लाजू नका. मे १९४२ मध्ये जपानी नौदलाने पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या मोहिमेचा सराव यामातो या युद्धनौकेवर टेबलावर केला. त्यात अमेरिकन विमानांचा हल्ला आला, पंचाने फासे टाकले, नऊ बॉम्ब लागले आणि अकागी आणि कागा या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. सरावाचे प्रमुख उगाकी म्हणाले, नऊ नाही, तीनच धरा. अकागी वाचली. कागा बुडालेलीच राहिली, तर पुढच्या टप्प्याच्या सरावात तीही परत हजर! ४ जूनला खऱ्या अमेरिकन विमानांचे बॉम्ब दोघींवर पडले, आणि त्यांना तीनच धरा म्हणणारं कोणी नव्हतं.

फासे, पंच, पडद्याआडचा शत्रू हे सगळं त्याहून जुनं आहे. प्रशियात (आजच्या जर्मनीतलं जुनं राज्य) राइसविट्झ बापलेकांनी असा युद्धखेळ बसवला. मुलाने १८२४ मध्ये नियम छापले आणि तिथल्या सैन्याने तो रेजिमेंटांना वापरायला लावला. दोन्ही संघ वेगळ्या टेबलांवर, मधे पंच. लेखी आदेश पंचाकडे द्यायचा, तो पोचायला घोडेस्वाराला किती वेळ लागेल ते पंच मोजणार. रामबागकरांचं साठ सेकंदांचं मिनिट तिथूनच आलंय म्हणा ना. त्यांची चाल दोन मिनिटांची असायची, एवढाच फरक.

रामबागकर (इंदूर)

@शिप्रातीर, दंडवत. हे माहीत नव्हतं.

सेव्हबद्दल माझं मत कडक आहे. पाच अवघडपणाच्या पातळ्या आहेत, शेवटची ‘आयर्न’. तिच्यात एका तुकडीवर क्लिक केलं की तिला आपलीच दुसरी तुकडी दिसत नसेल तर ती नकाशावरूनच दिसेनाशी होते. म्हणजे शत्रू सोडा, आपली माणसं कुठे आहेत हेही त्या तुकडीला ठाऊक नाही. रात्रीच्या लढाईत हे एकदा अनुभवावं. तिथे सेव्ह उघडला की सगळी मजा गेली.

चाळिशीतला_विद्यार्थी

नवीन आहे, पुण्याहून आठ वर्षांपूर्वी इंदूरला बदलीवर आलो आणि इथलाच झालो. हे वाचून खेळावंसं वाटतंय. लॅपटॉप साधा आहे, गेमिंगचा नाही. चालेल का? आणि सुरुवात कुठून करू? मॅन्युअल उघडलं तर घाम फुटला.

खंडेरावी (बडोदा)

चालेल, फक्त मोठे नकाशे घेऊ नका आणि सावल्या बंद करा. ग्राफिक्स तसंही जुन्या काळचं आहे, चांगल्या कार्डावरही अडखळतं, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. निर्मात्यांच्या संकेतस्थळावर मोफत डेमो आहे, तो आधी बघा. आवडला तर स्टीमवर सवलत लागेपर्यंत थांबा, खेळ स्वस्त नाही.

मॅन्युअल बाजूला ठेवा. आतमध्ये प्रशिक्षणाच्या छोट्या लढाया आहेत, त्या ओळीने करा. चालण्याचे आदेश सहा-सात आहेत, पण सुरुवातीला ‘क्विक’ आणि ‘हंट’ एवढ्यावर भागतं. क्विक म्हणजे लगबगीने, हंट म्हणजे बंदूक तयार ठेवून, शत्रू दिसला की थांबा. फास्ट म्हणजे जिवाच्या आकांताने पळणं. लोक सगळीकडे तेच देतात आणि मग दारात पोचलेली माणसं धापा टाकत असतात, बंदूक उचलायचं त्राण नाही. गाडीतून माणसं उतरवण्याआधी गाडीतलाच जादा दारूगोळा उचलायला लावा, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

निवृत्त_सिग्नल (महू)

आणि नायकाला उघड्यावर नाही, पण बहिऱ्या जागीही नाही. एवढं लक्षात ठेवा.

भिया_इंदोरी

सीरिया सीरिया काय करताय, माळव्याचा नकाशा नाही का यात? नकाशा बनवायचा एडिटर असेल ना?

रामबागकर (इंदूर)

आहे, आणि चांगला आहे. जमिनीचे आठ मीटरचे चौकोन, प्रत्येकाला उंची देता येते, खाली उपग्रहाचं चित्र ठेवून गिरवताही येतं. माती आणि ओल दोन्ही ठरवता येतात. आपली काळी माती आणि आषाढ लावला तर चाकाच्या गाड्या शेतात रुतून बसतील, रणगाड्यांचंही काही खरं नाही.

एक बरेच दिवस डोक्यात आहे: महिदपूर. शिप्रेचा उतार (नदी पायी ओलांडायची जागा), पलीकडचा काठ. २१ डिसेंबर १८१७ ला होळकरांच्या तोफा जिथे होत्या तिथे आज एक कंपनी बसवायची आणि अलीकडून दुसरी न्यायची. तोफा-घोडे या खेळात येणार नाहीत, पण जमीन तर तीच आहे.

शिप्रातीर

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाला हात घातलात. हिस्लॉप आणि माल्कम यांची इंग्रज फौज होळकरांच्या तोफांच्या माऱ्यात उतारावरून नदी ओलांडून आली. तोफा उत्तम होत्या, चालवणारेही शेवटपर्यंत हलले नाहीत. त्यानंतर ६ जानेवारी १८१८ चा मंदसोरचा तह. मला कायम पडलेला प्रश्न हा, की काठाखालचा पात्राचा भाग तोफांना दिसत होता का? उंच काठावरून दूरचं दिसतं पण पायाखालचं दिसत नाही. पलीकडून आलेले लोक काठाच्या खाली आडोशाला जमले असतील तर त्या तोफा तेवढा वेळ निरुपयोगी. तुमच्या खेळात नजरेची रेषा मोजता येते ना? मग काठाची उंची मिळाली की याचा निकाल लागेल.

लष्करकर (ग्वाल्हेर)

उंचीची उपग्रह-माहिती फुकट मिळते, पण तिचे चौकोन ३० मीटरचे. नदीकाठाचा कडा त्यात पुसला जाईल. आणि दोनशे वर्षांत पात्र कुठे होतं, कुठे गेलं...

निवृत्त_सिग्नल (महू)

उपग्रह सोडा. जागेवर चला. मी येतो, टेप आणि कंपास माझ्याकडे आहे. काठावर एक जण उभा राहील, एक जण खाली पात्रात, मधे हात वर करून चालत यायचं, जिथे दिसेनासा होईल तिथे खुंटी. टेवटच करून टाकू. पाऊस उघडल्यावर मात्र, शेतातून गाडी नेता येणार नाही.

सुमेधा_महू

मी पण. पात्रात उभं राहायला मात्र धागाकर्त्यालाच पाठवा.

खंडेरावी (बडोदा)

बडोद्याहून रात्रीची गाडी धरून सकाळी येतो. रामबागकर, तोवर पुढचं मिनिट पाठव की रे, फाइल उघडली तर जुनीच निघाली.

भिया_इंदोरी

गाडी माझी. पोहे-जिलेबी इंदूरलाच खाऊन निघू, उज्जैनला थांबायचा हट्ट कोणी करू नये.